आधीच्या एमआरआयमध्ये जे दिसलं नव्हतं

कंबरदुखी दोन जातींची असते. एक दुखणं कामानं वाढतं आणि पडून राहिलं की उतरतं. दुसरं पडून राहिल्यानं वाढतं आणि हालचालीनं सुटतं. माझं दुसऱ्या जातीचं होतं. पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची आणि कूस बदलायची तर पलंगाच्या कडेला धरून बदलावी लागायची. उठल्यावर तास-दीड तास कंबर आखडलेली, वाकून चपलेचा बंद लावणंही जमायचं नाही. पण शाळेत गेलं, वर्गात फिरत शिकवायला लागलं की मधल्या सुट्टीपर्यंत अंग मोकळं व्हायचं. रविवारी जरा आराम करावा म्हणून दुपारभर लोळलं, की सोमवारची सकाळ आणखी वाईट जायची. आणि एक गोष्ट सांगायला मला संकोच वाटायचा. दुखणं नुसतं कमरेत नव्हतं, कुल्ल्यात खोल आत होतं, कधी उजवीकडे तर कधी डावीकडे.

बाईची कंबर दुखते म्हटलं की आपल्याकडे कारणं तयारच असतात. सिझेरियनच्या वेळी कमरेत दिलेलं इंजेक्शन. बाळंतपणात शेक-शेगडी नीट झाली नाही. कॅल्शियम कमी. फळ्यापुढं तासन्‌तास उभं राहणं. स्कूटी. माझं दुखणं तर लग्नाच्या आधीपासूनचं होतं, पण मुलगी झाल्यावर सगळ्यांनी ते त्या इंजेक्शनाच्या नावावर टाकलं. सासूबाई रात्री ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायच्या, त्यांच्या हातानं बरंही वाटायचं. कमरेचा पट्टा झाला, डी जीवनसत्त्वाची पाकिटं झाली, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. मध्येच कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, आणि त्यावरून ‘तुम्हाला संधिवात नाही’ असं सांगण्यात आलं. ही तपासणी रुमॅटॉइड या एका संधिवातासाठी उपयोगी असते. मणक्यांना धरणाऱ्या संधिवातात ती बहुतेक वेळा निगेटिव्हच येते, हे मला फार नंतर समजलं.

सांगलीत एमआरआयही झाला होता. चिठ्ठीवर ‘लंबर स्पाइन’ एवढंच होतं. रिपोर्टमध्ये मणक्यांमधल्या शेवटच्या दोन गाद्या थोड्या फुगलेल्या निघाल्या आणि घरात ‘मणक्यात गॅप आलाय’ हे पक्कं झालं. अशा फुगलेल्या गाद्या कंबर अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी माणसांतही दिसतात. पण रिपोर्टवर काहीतरी छापून आलं की दुखण्याला नाव मिळतं आणि शोध तिथंच थांबतो. माझाही थांबला, तो थेट डोळा येईपर्यंत.

डोळा ‘आला’ असं आम्हाला वाटलं होतं. उजवा डोळा लालभडक, आत ठणका, आणि उजेड सहन होईना. पण चिकटा नव्हता, खाज नव्हती. मिरजेला नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी यंत्रातून बघून सांगितलं की हा साथीचा डोळा नाही, बुबुळाच्या आतल्या पडद्याला सूज आहे, युव्हिआयटिस. औषधाचे थेंब लिहून देता देता त्यांनी विचारलं, ‘ताई, सकाळी उठल्यावर कंबर आखडते का?’ डोळ्याच्या डॉक्टरांनी कमरेचं विचारावं याचं मला इतकं नवल वाटलं की मी सगळंच सांगून टाकलं, कुल्ल्यातल्या दुखण्यासकट. त्यांनी थेंबांच्या चिठ्ठीखालीच संधिवात तज्ज्ञांना दाखवा असं लिहिलं.

पुण्यातल्या ज्या संधिवात तज्ज्ञांकडे मी गेले त्यांनी आधीचा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारायला सुरुवात केली. रात्रीच्या कुठल्या प्रहरी जाग येते? वेदनाशामक गोळी घेतली की किती फरक पडतो? टाच दुखली होती का कधी? सोरायसिस? पोट वारंवार बिघडतं, शौचातून रक्त जातं? घरात आणखी कुणाला? या शेवटच्या प्रश्नावर मी वडिलांचं सांगितलं. आमचे दादा तासगावजवळ द्राक्षबागायत करतात. चाळिशीतच त्यांची पाठ पुढं वाकली. मान वळवता येत नाही म्हणून कुणी हाक मारली की ते अख्खे वळतात. पाठीवर पंप घेऊन औषध मारून मारून असं झालं, असंच आम्ही समजत आलो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि दादांबद्दल पुन्हा नीट विचारलं.

मग तपासणी. कमरेवर पेनानं दोन खुणा केल्या, मध्ये दहा सेंटिमीटर अंतर ठेवून, आणि पुढं वाकायला सांगितलं. कणा लवचीक असेल तर हे अंतर वाकल्यावर चांगलं पाच सेंटिमीटरच्या आसपास वाढतं. माझं त्याहून बरंच कमी वाढलं. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं केलं, डोकं भिंतीला टेकतंय का बघितलं. ते टेकलं. छातीभोवती टेप लावून श्वास आत-बाहेर करायला लावला. उताणं झोपवून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवून दाबला, तेव्हा मी कळवळले, कारण दुखणं नेमकं तिथंच होतं.

रक्ताच्या तपासण्या आणि कटिभागाचा साधा एक्स-रे आधी झाला. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं. या जनुकाचा आणि अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसचा, म्हणजे मणक्यांना धरणाऱ्या या संधिवाताचा, संबंध १९७३ साली उघड झाला. पण पॉझिटिव्ह म्हणजे आजार असं नाही, हे जनुक असलेल्या बहुसंख्य लोकांना जन्मभर काही होत नाही. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी, किंचित वाढलेलं होतं, आणि ते नॉर्मल असलं तरी हा आजार नाही असं म्हणता येत नाही, हे डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं. एक्स-रेवर सांध्याच्या कडा जरा धूसर होत्या, ठामपणे काही म्हणावं इतक्या नाहीत.

एक्स-रेत फारसं नाही तर एमआरआय कशाला, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं. उत्तर मला फार पटलं. कण्याचा खालचा त्रिकोणी भाग आणि कमरेची दोन मोठी हाडं जिथं जुळतात ते दोन सांधे, सॅक्रोइलियाक जॉइंट, तिथून हा आजार बहुधा सुरू होतो. आधी हाडाच्या आतल्या मगजात सूज येते. नंतर कडा कुरतडल्या जातात. मग तिथं चरबी भरते, आणि शेवटी नवं हाड तयार होऊन सांधा बुजतो. एक्स-रेला हाडाचा आकार बदलल्याशिवाय काही कळत नाही आणि त्याला कित्येक वर्षं जातात. भिंतीत ओल झिरपत असते आणि आपल्याला कळतं ते गिलाव्याचे पोपडे पडल्यावर, तसंच हे. एमआरआय ओल दाखवतो.

म्हणूनच या आजाराच्या निकषांत मोठा बदल झाला. १९८४ च्या सुधारित न्यूयॉर्क निकषांत एक्स-रेवर सांधा बिघडलेला दिसणं ही अटच होती. २००९ मध्ये या आजाराच्या अभ्यासकांच्या ‘आसास’ या आंतरराष्ट्रीय संघटनेनं नवे निकष मांडले, त्यांत एक्स-रेच्या जोडीला एमआरआयवरची सूजही धरली गेली. कंबरदुखी तीन महिन्यांहून जास्त, सुरुवात पंचेचाळिशीच्या आत, एमआरआयवर सांध्याला सूज आणि सोबत आजाराचं एखादं लक्षण, असा एक मार्ग त्यात आहे. या बदलाचा सगळ्यात जास्त फायदा बायकांना झाला असं मला वाटतं. हा पुरुषांचा आजार अशी समजूत वर्षानुवर्षं होती, कारण एक्स-रेवर दिसण्याइतकी हाडं बायकांत पुष्कळदा उशिरा बदलतात किंवा कमी बदलतात. एक्स-रेवर न दिसणाऱ्या टप्प्यातले रोगी मोजायला घेतले तेव्हा बायका जवळपास पुरुषांच्या बरोबरीनं निघाल्या.

आधीचा एमआरआय होताच की, हा माझा पुढचा प्रश्न. डॉक्टरांनी त्याच्या फिल्म दिव्यासमोर लावल्या. मणक्यांचे उभे छेद होते, आणि प्रत्येक गादीतून जाणारे आडवे. मधोमध कणा. ज्या सांध्याबद्दल आम्ही बोलत होतो तो दोन्ही बाजूंना, त्या चित्रांच्या चौकटीबाहेरच राहिला होता. शिवाय त्या पद्धतीच्या चित्रात मगजातली चरबीही उजळ दिसते आणि पाणीही उजळ दिसतं, त्यामुळे थोडी सूज असली तरी चरबीत हरवून जाते. गादी आणि नस बघायची तर तो एमआरआय बरोबरच होता. त्याला विचारलंच होतं तेवढं.

नव्या चिठ्ठीवर चार ओळी होत्या. दोन्ही सॅक्रोइलियाक सांधे, सेमी-कोरोनल छेद, म्हणजे त्या तिरक्या त्रिकोणी हाडाच्या लांबीला धरून घेतलेले. टी-वन आणि स्टिर हे दोन्ही सिक्वेन्स, म्हणजे चित्र घेण्याच्या पद्धती. संपूर्ण कण्याचे उभे स्टिर छेद, कडेच्या बरगड्यांच्या सांध्यांपर्यंत. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, नको. आणि खाली कारण: दाहक कंबरदुखी, बी२७ पॉझिटिव्ह, युव्हिआयटिस, वडिलांची पाठ वाकलेली. रेडिओलॉजिस्टला हे कारण कळणं फार महत्त्वाचं असतं, असं ते म्हणाले. मी त्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय आणि नंतर कितीजणांना दाखवलाय.

स्टिर हा काय प्रकार आहे ते मी विचारून घेतलं. विज्ञान शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. एमआरआयचं यंत्र आपल्या शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांशी बोलतं, आणि हायड्रोजन मुख्यतः पाण्यात आणि चरबीत असतो. रेडिओलहरींनी ती केंद्रकं ढळली की पूर्ववत होताना संदेश देतात. चरबीतली लवकर सावरतात, पाण्यातली उशिरा. स्टिरमध्ये वेळ अशी साधतात की चरबीचा संदेश शून्यावर असताना चित्राची सुरुवात होते. चरबी काळी पडते आणि जिथं जास्तीचं पाणी, म्हणजे सूज, ती जागा पांढरी उठून दिसते. टी-वनमध्ये उलट, चरबी पांढरी. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर आत्ताची सूज कोणती आणि जुनी खूण कोणती हे वेगळं काढता येतं. एमआरआयच्या पायाभूत कामासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. दहावीच्या मुलांना मी आता हे सांगते.

एमआरआयच्या दिवशी नणंद बरोबर होती. आधी एक फॉर्म भरून घेतला. पेसमेकर आहे का, कानात यंत्र बसवलंय का, कुठल्या ऑपरेशनात धातूची क्लिप टाकलीय का, तांबी आहे का, दिवस गेलेत का. मग धातू उतरवणं. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, जोडवी, केसांतल्या पिना. टेक्निशियन मुलगी जाणकार होती, तिनं विचारलं, ‘ताई, मंगळसूत्राला, बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिना काढल्या का? परकराची? आतल्या कपड्यांचे हूक?’ परकराच्या नाडीपाशी एक पिन खरंच होती. तोंडावरचा मास्कही काढायला लावला, त्यात नाकापाशी तार असते. नाकातली चमकी मात्र निघेना. लग्नात घातलेली, फिरकी घट्ट बसलेली. नणंदेनं साबणाचं पाणी लावून, मोबाइलच्या उजेडात, हळूहळू फिरवून ती काढली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

एवढी काळजी उगाच नसते. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असतं आणि ते चोवीस तास चालू असतं, तपासणी चालू नसली तरी. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एका रुग्णाचा तरुण नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन दगावला. ती बातमी मला आठवत होती, म्हणून नणंदेला मी दाराच्या बऱ्याच अलीकडे बसायला सांगितलं.

आत थंडी फार. गाउनवर चादर दिली, गुडघ्यांखाली उशी, कानांत बोळे आणि वर हेडफोन, हातात रबरी फुगा. भीती वाटली तर तो दाबायचा. बाकी हलायचं नाही. बंद जागेची मला भीती नाही, त्यामुळे त्या नळीचं काही वाटलं नाही. आवाज मात्र मोठा असतो. चुंबकक्षेत्र भराभर बदलणाऱ्या गुंडाळ्या थरथरतात त्याचा तो आवाज, ठकठक, मग लांबलचक घर्रर्र, मग क्षणभर शांत आणि पुन्हा नवीन ताल.

कठीण होतं ते उताणं, निश्चल पडून राहणं. या आजाराला जे अजिबात चालत नाही तेच इथं करायचं असतं. पहिली काही मिनिटं बरी गेली, मग उजव्या कुल्ल्यातून ठणका सुरू झाला आणि चढत गेला. फुगा दाबला असता तर त्या सिक्वेन्सची चित्रं हलली असती आणि तो पुन्हा करावा लागला असता. मी मनात बेचा ते तीसचा पाढा म्हणत राहिले. मध्ये त्या मुलीनं माइकवरून सांगितलं, ‘ताई, छान चाललंय, आता मोठा आहे, हलू नका.’ त्या एका वाक्याचा फार आधार झाला. पाऊण तासानं बाहेर काढलं तेव्हा मला एका अंगावर वळवून उठवावं लागलं. ज्यांना हा एमआरआय करायचाय त्यांनी डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी आधी घेता येईल का ते जरूर बघावं, आणि पाठ टेकल्यावर खरंच त्रास होतो हे टेक्निशियनला आधीच सांगावं.

रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर आला आणि आम्ही तो परतीच्या गाडीतच उघडला. दोन्ही बाजूंच्या सांध्यांत मगजाची सूज. कडा कुरतडल्याच्या खुणा. पाठीच्या खालच्या काही मणक्यांच्या कोपऱ्यांत सूज. आणि शेवटी, दाहक संधिवाताची शक्यता जास्त, जंतुसंसर्गही विचारात घ्यावा, लक्षणांशी ताडून पाहावे. जंतुसंसर्ग म्हणजे आमच्याकडे पहिला शब्द टीबी. माझ्या मावससासऱ्यांना मणक्याचा टीबी झाला होता, वर्षभर गोळ्या आणि अंथरूण. सांगलीपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी कागद नुसता चाळला आणि सीडी कॉम्प्युटरला लावली. चित्रं स्वतः बघितल्याशिवाय मी बोलत नाही, म्हणाले. पडद्यावर माझ्या कटिभागाचा राखाडी त्रिकोण आला, दोन्ही बाजूंना सांध्याच्या काळ्या रेषा. छेद एकेक करून पुढं सरकवले तसतशी उजव्या रेषेच्या खालच्या भागाला लागून, हाडाच्या आत, पांढरी छटा उगवली, पुढच्या छेदातही राहिली, त्याच्याही पुढच्यात. मग डावीकडे, जरा कमी. एकाच छेदात एखादा ठिपका दिसला तर ते महत्त्व देत नाहीत. सूज सांध्याला चिकटून हाडात हवी, आणि ती लागोपाठच्या दोन छेदांत दिसायला हवी किंवा एका छेदात एकाहून जास्त ठिकाणी. धावपटूंमध्ये, सैन्यातल्या खडतर प्रशिक्षणात, आणि बाळंतपणानंतर काही महिने बायकांमध्ये अशी थोडी सूज निरोगी सांध्यातही दिसू शकते.

बाळंतपण म्हटल्यावर मी सावध झाले. म्हणजे पुन्हा तेच का? त्यांनी टी-वनचं चित्र शेजारी आणलं. सांध्याची काळी रेषा एके ठिकाणी तुटून आत खाच पडली होती आणि जवळच हाडात चरबीचा पांढरा पट्टा होता. ‘मुलगी चार वर्षांची आहे ना तुमची? बाळंतपणाची सूज इतकी टिकत नाही. आणि नुसत्या बाळंतपणानं सहसा अशी खाच पडत नाही, चरबी भरत नाही. हे बरंच जुनं आहे.’ बरंच जुनं, हे ऐकून मला दुःख व्हायला हवं होतं, पण खरं सांगते, बरं वाटलं. मी जे सांगत होते ते तिथं हाडावर दिसत होतं.

टीबीबद्दलही त्यांनी चित्रावरच दाखवलं. टीबी त्या सांध्यात बहुधा एकाच बाजूला असतो, सूज हाडाची हद्द ओलांडून आजूबाजूच्या स्नायूंत जाते, पू साठतो. मणक्यात तो बहुतेक वेळा गादीच्या दोन्हीकडचे मणके पोखरतो. माझ्यात तसं काही नव्हतं. मात्र हा संधिवातही कधीकधी गादी आणि मणक्याच्या सीमेवर अशी खोल सूज आणतो की ती संसर्ग वाटावी, म्हणून रेडिओलॉजिस्टनी ते लिहिणं योग्यच होतं.

मग उभे छेद. मणके एकाखाली एक, करडे. छातीच्या खालच्या भागात तीन-चार मणक्यांचे पुढचे कोपरे पांढरे चमकत होते. तिथं गादीभोवतीचे तंतू हाडाला चिकटतात आणि हा आजार मुळात अशा चिकटण्याच्या जागांवर हल्ला करतो. टाचेतलं दुखणंही त्याच कुळातलं. टी-वनवर वरच्या एका मणक्याचा कोपरा आधीच चरबीनं पांढरा झालेला होता, म्हणजे तिथली सूज येऊन गेलेली. अशाच कोपऱ्यांतून पुढं हाडाचे पूल तयार होऊन मणके जोडले जाण्याची शक्यता असते. सर्वांत कडेच्या छेदात बरगडी मणक्याला मिळते तिथंही पांढरं होतं. मला शिंक आली की छातीत सुरी फिरायची, त्यासाठी मी ईसीजी आणि टू-डी इको करून बसले होते, दोन्ही नॉर्मल. तो त्रास हृदयाचा नव्हताच, बरगडीच्या सांध्याचा होता. साधा लंबर स्पाइनचा एमआरआय तिथपर्यंत पोचतच नाही.

दादांचा एक्स-रे डॉक्टरांनी त्यानंतर काढून घ्यायला सांगितला. त्यात ते दोन सांधे दिसलेच नाहीत, हाडं एकजीव झालेली. वर मणके एकमेकांना जोडले जाऊन अखंड झालेले, ज्याला डॉक्टर बांबू स्पाइन म्हणतात. दादांना आम्ही ते दाखवलं तेव्हा त्यांनी बराच वेळ फिल्म धरून ठेवली आणि एवढंच विचारलं की हिची पाठ अशी होणार नाही ना. अशा कण्याला साध्या पडण्यानंही फ्रॅक्चर होऊ शकतं, म्हणून शिडीवर चढणं, ट्रॅक्टरवरून उडी मारणं आता घरच्यांनी बंद केलंय.

उपचाराचं थोडक्यात सांगते. आधी वेदना आणि दाह कमी करणाऱ्या गोळ्या पूर्ण मात्रेत, एका प्रकारानं पुरेसा फरक पडला नाही म्हणून दुसऱ्या. या आजारात त्या नुसत्या दुखणं दाबत नाहीत, पहिला उपचार त्याच आहेत. मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचं नेहमीचं औषध कण्याच्या दुखण्याला उपयोगी पडत नाही म्हणून दिलं नाही. तरीही सकाळचं आखडणं आणि पहाटेची जाग राहिली, तेव्हा बायोलॉजिकचा, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधाचा, विषय निघाला. त्यातल्या अ‍ॅडॅलिम्युमॅबची भारतीय आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि नंतर इतर कंपन्यांच्याही आल्या, त्यामुळे किंमत आमच्या आवाक्याच्या काठावर तरी आली. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीसाठी रक्ततपासणी, हिपॅटायटिस बी आणि सी. शरीरात दबून असलेला टीबी या औषधानं उसळू शकतो, त्यामुळे आपल्या देशात ही पायरी गाळून चालतच नाही. दर पंधरवड्याला चाळीस मिलिग्रॅमचं इंजेक्शन मी स्वतः पोटावर घेते. पट्टा काढून टाकला. उशी पातळ केली. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले पाठ मागं ताणण्याचे आणि श्वासाचे व्यायाम रोज सकाळी करते, ते चुकले तर दिवसभर कळतं.

दरवेळी एमआरआय लागत नाही. डॉक्टर दर भेटीला सहा प्रश्न विचारतात, थकवा, पाठ, इतर सांधे, दाबल्यावर दुखणाऱ्या जागा, सकाळचं आखडणं किती तीव्र आणि किती वेळ, आणि त्यांवरून आजाराच्या जोराचा शून्य ते दहा असा आकडा काढतात. माझा आता चारच्या बराच खाली असतो. आधीच्या सगळ्या सीडी आणि फिल्म मात्र जपून ठेवायला त्यांनी सांगितलंय. पुढं कधी नवा एमआरआय करायची वेळ आली तर तो जुन्याशेजारी ठेवूनच वाचता येतो. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर ते होत नाही.

धाकट्या भावाला टाचदुखी आहे आणि सकाळी कंबर धरते, म्हणून तो पुढच्या महिन्यात दाखवायला येतोय. मुलीची बी२७ची तपासणी करून घ्यावी का, असं मी फार घाबरत विचारलं होतं. डॉक्टर नको म्हणाले. तिला काही त्रास नसताना ती पॉझिटिव्ह निघाली तरी आज करण्यासारखं काही नाही, उलट पोरीकडे आजारी म्हणून बघत बसाल. तिला भरपूर खेळू द्या. एखादा सांधा सुजला, सकाळी लंगडायला लागली किंवा टाच दुखते म्हणाली तर घेऊन या. आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर दुकानातून थेंब आणून घालायचे नाहीत, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यायचं. हे मी घरात सगळ्यांना, तिच्या आजीलाही, नीट सांगून ठेवलंय.